गळाच्या दोरीचा पीळ

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात ‘मानसोल्लास’ हे नाव भेटते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेला हा संस्कृत ग्रंथ. त्यातील गीतविनोदात मराठी पद्याच्या काही ओळी सापडतात. तेव्हा मुकुंदराजांच्या आधीचा एक पुरावा म्हणून त्याची नोंद घ्यायची, परीक्षेपुरते साल पाठ करायचे आणि ‘विवेकसिंधू’कडे वळायचे, अशी आपल्याकडे शिकण्याची व शिकवण्याचीही रीत आहे. त्या ओळी ज्या विंशतीत आहेत, त्याच विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, याकडे साहित्याच्या वर्गात सहसा कोणी फिरकत नाही. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे शंभर अध्यायांचे हे विश्वकोशसदृश काम आहे. राज्य कसे मिळवावे इथपासून ते अन्न, वस्त्र, गीत, नृत्य, हत्ती, घोडे, शिकार अशा राजाच्या सगळ्या भोगविनोदांचा त्यात विचार आहे. मत्स्यविनोदात तीसहून अधिक जातींचे मासे, त्यांतले समुद्रातले कोणते व नदीतले कोणते, खवले असलेले कोणते व नसलेले कोणते, कोणाला काय खाऊ घालावे आणि मग गळ टाकून त्यांच्याशी कसे खेळावे, असे सगळे आले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. प्राणिशास्त्रज्ञाला जे दिसले ते वाङ्मयाच्या अभ्यासकांना का दिसू नये, असा प्रश्न आम्हाला पडतो.

‘विनोद’ या शब्दापाशी आजचा वाचक थोडा अडखळेल. सोमेश्वराच्या लेखी विनोद म्हणजे हसवणूक नव्हे. मन रमवणे, वेळ सुखाने घालवणे. सुमारे सव्वापाचशे वर्षांनी इंग्लंडात इझाक वॉल्टनने गळाच्या मासेमारीवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला (१६५३), तेव्हा त्याच्या उपशीर्षकात त्याने नेमका हाच भाव आणला: चिंतनशील माणसाची करमणूक. इंग्रजीत त्या एका पुस्तकापासून गळाच्या मासेमारीचे एक मोठे साहित्य वाढले. मद्रासच्या मुलकी सेवेतील एच. एस. टॉमस या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले, तेही त्याच ओळीतले. मराठीत मात्र सोमेश्वराच्या मत्स्यविनोदाला वारस मिळाला नाही. आपल्याकडे गळ आला तो दृष्टान्तात. विषयाला भुललेला जीव म्हणजे आमिषाला भुललेला मासा, हे संतवाङ्मयाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पुढे तो वाक्प्रचारांत मुरला. आपण एखाद्याला गळ घालतो, एखादा आपल्या गळाला लागतो. या सगळ्या व्यवहारात मासा आहे, आमिष आहे, आकडा आहे. आकड्याला जिने पाण्याबाहेरच्या हाताशी बांधून ठेवले आहे ती दोरी मात्र अभावानेच दिसते. दृष्टान्ताला तिची गरज पडत नसावी. हा लेख त्या दोरीविषयी आहे.

प्रदेश आम्ही नांदेड-लातूरचा घेतला आहे, आणि तो ओढूनताणून घेतलेला नाही. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात असले तरी लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळ आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे याच चालुक्यांच्या काळातली. त्याही आधी राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे लातूर असे अभ्यासक मानतात. कंधारला त्यांनी बांधलेल्या तलावाचे नाव जगत्तुंगसागर आहे. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा बीदरला वळसा घालून पुन्हा उत्तरेकडे येते आणि नांदेडच्या सीमेवर, कंदकुर्तीजवळ, गोदावरीला मिळते. ज्या राजाने मासे खेळवण्याचे शास्त्र लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर याच खोऱ्यातले पाणी असणार.

राजाने खेळ लिहून ठेवला. दोरी ज्याने वळली त्याचे नाव अशा ग्रंथात येण्याचे काही कारणच नव्हते. मराठवाड्यात नदीवरची मासेमारी हे मुख्यतः भोई समाजाचे काम. पालखी वाहणे हे त्याचेच दुसरे काम. दोन्ही कामांत खांदा आणि हात दुसऱ्याच्या सोयीसाठी झिजतात. जाळे आणि गळाची दोरी ही बाजारातून आणायची वस्तू नव्हती, ती घरी व्हायची. कापसाचे सूत होते, ताग होता, अंबाडी होती. अंबाडीची भाजी या भागात सगळ्यांनाच ठाऊक असते. पण तिचा पाला खुडून झाल्यावर उरलेले ताट पाण्यात कुजवून त्याचा वाख काढतात आणि त्या वाखाचे दोर, चऱ्हाटे, नाडे होतात, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच माहीत असते. तागाचा तंतू पाण्यात अधिक टिकतो, म्हणून देशभर जाळ्यांसाठी त्याला मान होता. तरीही सूत काय आणि ताग काय, पाण्यात कुजणारच. म्हणून जाळे झाडांच्या सालींच्या तुरट काढ्यात बुडवायचे, आणि वापरून झाले की दर वेळी वाळवायचे. नदीकाठी बांबूवर टांगलेले जाळे ही चित्रकारांना आवडणारी गोष्ट. भोयाच्या दृष्टीने ते रोजचे वाळवण होते.

दोरी वळणे म्हणजे पीळ देणे. तंतू आखूड असतो, वीतभर, हातभर. तो एकटा काहीच ओढू शकत नाही. पीळ दिला की तंतू एकमेकांना आवळून धरतात आणि ओढ जितकी वाढेल तितके अधिक घट्ट धरतात. पण नुसता पीळ दिलेला एकेरी धागा अस्वस्थ असतो. सैल सोडला की स्वतःभोवती गुरफटतो, त्याला वेटोळी पडतात. म्हणून दोरी वळणारा एका पदराला ज्या दिशेने पीळ देतो त्याच्या उलट दिशेने दोन-तीन पदर एकत्र वळतो. एकाचा उलगडण्याचा हट्ट दुसऱ्याच्या हट्टाला अडवतो आणि दोरी शांत पडून राहते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण माणसाच्या अहंकाराबद्दल वापरतो. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने सुंभ जळताना पाहिला होता, एवढे नक्की. राखेतही वळणाच्या रेषा दिसतात. पीळ हा दोरीवर वरून केलेला संस्कार नव्हे. पीळ हीच दोरी.

हे ज्ञान भोयाकडे होते तसे कोष्ट्याकडे आणि साळ्याकडेही होते. नांदेड हे कापसाचे गाव. या भागातला गावरानी कापूस देशी जातींमध्ये लांब धाग्यासाठी नावाजलेला होता, आणि नांदेडचे कापूस संशोधन केंद्र आज परभणीच्या कृषी विद्यापीठाचा भाग आहे. निजामी राजवटीत येथे उस्मानशाही गिरणी उभी राहिली. पुढे ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. खादीचे काम मात्र चालू राहिले. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे मुख्यालय नांदेडला आहे, आणि राष्ट्रध्वजासाठी लागणारे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते. सूत कातणे, ते गुंडाळणे, कांडी भरणे या क्रिया या दोन जिल्ह्यांत अजून पुस्तकात गेलेल्या नाहीत.

कांडी भरणे ही क्रिया आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. मागावर आडवा धागा टाकणारा धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, तेव्हा त्याच्या पोटात बसवलेली कांडी फिरत नाही. ती जागच्या जागी असते आणि धागा तिच्या टोकावरून निसटत सुटतो. उलट ताणा करताना सूत ज्या असारीवरून येते ती असारी स्वतः फिरते आणि सूत तिच्या कडेवरून सुटते. येवल्याला पतंगाचा मांजा गुंडाळण्याच्या चक्रीला आजही आसारी म्हणतात. पैठणीच्या गावाने आपल्या मागाजवळचा शब्द संक्रांतीच्या खेळाला दिला, असे आम्ही समजतो. फिरणाऱ्या असारीवरून आलेला धागा जसा होता तसाच येतो. न फिरणाऱ्या कांडीच्या टोकावरून सुटणाऱ्या धाग्याला मात्र प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ अधिक बसतो किंवा असलेला एक उलगडतो. कोणताही विणकर हे जाणतो. त्यासाठी त्याला भौतिकशास्त्र वाचावे लागत नाही.

गळाच्या काठीला रीळ जोडण्याची कल्पना जुनी आहे. चीनमध्ये सुंग काळातील मा युआन या चित्रकाराच्या, ११९५ च्या सुमाराच्या चित्रात होडीत बसलेल्या एकाकी कोळ्याच्या काठीला चाक दिसते. मासेमारीच्या रिळाचे ते सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते. सोमेश्वराच्या ग्रंथानंतर अवघ्या सहा-सात दशकांतले हे चित्र. वॉल्टनही सामन माशासाठी काठीला चाक बसवणाऱ्यांचा उल्लेख करतो, पण त्याचा भर घोड्याच्या शेपटीच्या केसांपासून वळलेल्या दोरीवर आहे, आणि ती दोरी चांगला गळकरी स्वतः वळतो. ही सगळी जुनी रिळे असारीच्या जातीची होती. दोरी सुटताना चाक फिरे. हलके आमिष दूर फेकायचे तर जड चाकाला फिरवण्याइतका जोर त्यात नसे. ही अडचण सुटली ती एका गिरणीवाल्याकडून. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या व्यवसायातील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये न फिरणाऱ्या रिळाचे पेटंट घेतले. धागा कांडीच्या टोकावरून सहज सुटतो हे गिरणीत रोज दिसत होते. त्याने कांडी आडवी करून काठीला बांधली, एवढेच म्हणायचे. आज नांदेडच्या काठावर एखादा हौशी तरुण जे रीळ घेऊन उभा असतो ते बहुधा याच वंशातले. म्हणजे त्याच्या हातात धोट्यातली कांडी आहे आणि कांडीबरोबर आलेली पिळाची कटकटही आहे.

ती कटकट नवी दोरी भरताना सुरू होते. दुकानातून दोरी येते ती प्लॅस्टिकच्या चकतीवर गुंडाळलेली. काठीच्या कड्यांतून तिचे टोक ओवायचे, रिळावरची तारेची कमान उघडायची, मग टोक रिळाच्या खांबाभोवती फिरवून सरकगाठ मारायची आणि कमान मिटायची. येथवर कोणीही करील. यानंतर चकती कशी ठेवायची, हा खरा प्रश्न. रीळ असारीच्या जातीचे, म्हणजे स्वतः फिरणारे असेल, तर चकतीतून पेन्सिल घालून तिलाही फिरू द्यावे. दोरी कडेवरून कडेवर जाते, पीळ पडत नाही. रीळ कांडीच्या जातीचे असेल तर चकती जमिनीवर आडवी ठेवतात आणि दोरी तिच्या तोंडावरून सुटू देतात. चकतीवरून सुटताना दर वेढ्याला एक पीळ बसतो. रिळावर जाताना कमान दोरीभोवती फिरत असल्यामुळे आणखी एक पीळ बसतो. चकती योग्य बाजूने ठेवली असेल तर हे दोन पीळ एकमेकांच्या उलट असतात आणि एकमेकांना खातात. चुकीच्या बाजूने ठेवली तर दोघांची बेरीज होते, आणि शंभर मीटर दोरीत हजारभर पीळ साठतात.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. दहा-पंधरा वेढे घेऊन थांबावे आणि दोरी सैल सोडावी. ती शांत लोंबली तर ठीक. स्वतःभोवती गुरफटून वेटोळी घालू लागली तर चकती उलटी करावी. दोरी वळणारा भोई उलट दिशेने पदर वळून जे साधत होता तेच येथे चकती उलटी करून साधले जाते. रीतही तीच, परीक्षाही तीच. फरक इतकाच की भोई हे सगळे बोटांच्या आणि मांडीच्या आधाराने करत होता आणि त्याला ते कोणी कागदावर छापून दिलेले नव्हते.

बाकीचे नियम लहान आहेत. दोरी ओल्या फडक्यातून किंवा दोन बोटांच्या चिमटीतून ताणून भरावी, नाहीतर सैल वेढ्यांत वरचे वेढे रुततात. रिळाची कड साधारण तीन मिलिमीटर मोकळी ठेवावी. कमी भरली तर दोरी कडेला घासत सुटते आणि फेक तोकडी पडते. काठोकाठ भरली तर एका फेकीत दहा वेढे एकदम सुटून त्यांचे घरटे होते. अलीकडच्या विणलेल्या पॉलिथिलीन दोऱ्या गुळगुळीत खांबावर घसरतात, म्हणून त्यांच्या तळाशी थोडी नायलॉनची दोरी आधी भरतात.

नायलॉनने या कथेत एक उलथापालथ केली आहे. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये हा पदार्थ तयार केला, १९३८ मध्ये तो जाहीर झाला. आधी दात घासण्याच्या ब्रशाचे केस, मग पायमोजे, मग युद्धातले पॅराशूट, आणि युद्धानंतर गळाची दोरी व जाळे. महाराष्ट्रातच १९७६ मध्ये गरवारे यांची दोर व जाळी बनवणारी कंपनी उभी राहिली. आपल्या नद्यांवरून सुताचे व तागाचे जाळे हळूहळू नाहीसे झाले. त्याचे कोणी फारसे दुःख केले असे दिसत नाही, आणि का करावे? नायलॉन कुजत नाही, त्याला काढा लागत नाही, वाळवण लागत नाही. ज्याच्या घरातील सगळ्यांचे हात दोरी वळण्यात अडकलेले असत त्याला ही सुटका होती. लोप पावलेल्या कारागिरीबद्दल गहिवरणाऱ्यांनी ती कारागिरी किती तासांची होती, हेही विचारावे.

उलथापालथ म्हटली ती वेगळ्या अर्थाने. नायलॉनची गळदोरी हा एकच अखंड तंतू आहे. त्याला आखूड तंतू आवळून धरण्यासाठी पिळाची गरज नाही. हजारो वर्षे ज्या पिळाने दोरीला बळ दिले तो पीळ या दोरीत केवळ दोष आहे. तो जितका अधिक तितका गुंता अधिक आणि गाठ पडली की दोरी तेथेच तुटणार. मराठी भाषेने मात्र हा बदल अजून मनावर घेतलेला नाही. ‘पीळ’ म्हटले की आपल्याला ताकद, ताठा, आतड्याला बसणारा पीळ हेच आठवते. आणि ‘रीळ’ म्हटले की शिवणाचा दोरा, फारतर सिनेमा. मासेमारीच्या साहित्याचे दुकान चालवणारे आणि तिथले गिऱ्हाईक या वस्तूला जे शब्द वापरतात ते बहुतेक इंग्रजी आहेत, कारण या रिळाबरोबर आलेला खेळ राजाच्या विनोदाचा वारस आहे, भोयाच्या धंद्याचा नाही. असारी, कांडी, पदर, चिमटी, सरकगाठ हे शब्द शेजारच्या घरात होते. ते कोणी मागायला गेले नाही.

खेळ आणि धंदा आज एकाच पाण्यावर उभे आहेत. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या बंधाऱ्याने गोदावरीत लांबच लांब पाणी साठले आहे. कंधार-लोह्याकडे मन्याडीवरचे तलाव आहेत. लातूरकरांचे पाणी मांजरेच्या धनेगाव धरणात आहे. या जलाशयांतला मासा कोणाच्या मालकीचा, हे सरकारी ठेक्याने ठरते. मत्स्यव्यवसाय विभाग तलाव सहकारी संस्थांना देतो, संस्था त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात आणि मासे काढतात. त्यामुळे हौसेने गळ टाकणाऱ्यालाही संस्थेला विचारावे लागते, आणि ते योग्यच आहे. मरळ आणि वाम कोणी सोडत नाही, ते आपले आपण राहतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. ज्या संस्थांनी त्या तळ्यात बीज सोडले होते त्यांच्या वाट्याला भेगाळलेला तळ आला. वर्तमानपत्रांत रेल्वेची छायाचित्रे छापून आली, आणि ते स्वाभाविक होते. घरात गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांची छायाचित्रे काढायला कोण जाणार?

उन्हाळ्याचा संबंध दोरीशीही आहे. नायलॉन पाण्यात कुजत नसले तरी उन्हात झिजते. अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते. नांदेड-लातूरच्या उन्हात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेथे उघड्यावर ठेवलेली दोरी एका हंगामात दगा देऊ शकते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यानंतर रीळ रिकामे करून नवी दोरी भरण्याचा परिपाठ जाणकार पाळतात. काढलेल्या जुन्या दोरीचे काय करायचे, हे मात्र फार थोडे विचारात घेतात. सुताची दोरी टाकली तर वर्षभरात माती होत असे. नायलॉनची दोरी ओढण्याला निकामी होते, अडकवण्याला नाही. काठच्या बाभळीत अडकलेल्या वावभर दोरीत बगळ्याचा पाय गुंततो, आणि त्या वेळी दोरी तुटत नाही. पतंगाच्या नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती पक्षी आणि माणसे या दोघांच्याही गळ्यांमुळे. गळाची दोरी त्याच पदार्थाची असते आणि तिच्यावर बंदी नाही. तेव्हा रिळावरून उतरवलेली दोरी कात्रीने बोट-बोटभर तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाकावी, नदीकाठी सोडू नये.